ओट्यापासून आखाड्यापर्यंत

बडोद्यास प्रथमच आलेल्या पाहुण्याला शहर दाखवावयाचे झाले की आपली पावले ठरलेल्या वाटेने जातात. लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, सुरसागर, मांडवी, कीर्तिमंदिर आणि शेवटी कमाटीबागेतले संग्रहालय. एवढे झाले की शहर पाहून झाले, असे पाहुणा मानतो आणि आपणही मानतो. पण शहर पाहण्याची आणखी एक रीत आहे आणि तिला तिकीट लागत नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास पायीच निघावे आणि या गावची मुले कोठे खेळतात, कोणत्या वयाचे मूल घरापासून किती दूर जाते आणि कोठे मुले मुळीच दिसत नाहीत, एवढेच पाहत हिंडावे. गेल्या काही आठवड्यांत आम्ही असे हिंडलो. त्या हिंडण्यातून जे ध्यानी आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुन्या बडोद्याची रचना पाहिली की एक गोष्ट मनात ठसते. मुलांसाठी म्हणून त्या काळी कोणी आराखडे काढले नव्हते. तरीही मुलाच्या वाढत्या वयाबरोबर वाढत जाणारी रिंगणे या गावात एकाबाहेर एक अशी आपोआप तयार झाली होती. अगदी लहानग्यांसाठी घराचा ओटा आणि अंगण, शाळेत जाऊ लागलेल्यांसाठी पोळ, त्याहून मोठ्यांसाठी बाग, आणि मिसरूड फुटण्याच्या वयात आखाडा व मैदान. मूल एका रिंगणातून दुसऱ्यात केव्हा गेले, हे कोणाला सांगताही येत नसे. आज यांतील पहिले आणि शेवटची दोन रिंगणे कशीबशी टिकून आहेत; मधले मात्र मोडत चालले आहे. ते मोडल्याने काय हरवते, आणि ते सावरता येईल काय, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभ ओट्यापासून करू. दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ या भागांत अजून काही जुनी घरे उभी आहेत. रस्त्याच्या पातळीपासून दोन-तीन पायऱ्या वर, खांबांच्या आधाराने उभा असलेला ओटा. आत गेले की चौक किंवा अंगण, तुळशीवृंदावन, पाण्याचा हौद किंवा नळ. गुजराती शेजारी यालाच ओटलो म्हणतात. पहाटे सडा पडतो तेव्हापासून रात्री गप्पा संपेपर्यंत हा ओटा मोकळा म्हणून राहत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल घराबाहेरच्या जगाशी पहिली ओळख करून घेते ते येथे.

या वयाच्या मुलाचा खेळ मोठ्यांना खेळ वाटतच नाही. ते एकच पायरी वीस वेळा चढते आणि वीस वेळा उतरते. तांब्यातले पाणी वाटीत ओतते, वाटीतले जमिनीवर ओतते आणि ओल्या मातीत हात बुडवून आईकडे पाहते. मुंग्यांच्या रांगेमागे रांगत जाते. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कोणी तरी जवळ बसावे लागते एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत एक ते चार या वयातील मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचालीत घालवावेत असे म्हटले आहे. आणि दोन वर्षांखालील मुलाला पडद्यापुढे बसवूच नये, पुढेही एका तासाहून अधिक बसवू नये, अशी पुस्ती जोडली आहे. तीन तास हा आकडा ऐकून आजची आई दचकेल. पण ओटा आणि अंगण असलेल्या घरात हे तीन तास कोणी मोजीत नसे. ते पायऱ्या, पाणी आणि माती यांतच भरून जात.

फ्लॅटमध्ये ओटा नाही, हे खरे. जाळी बसविलेली गॅलरी हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही, कारण तेथे माती नाही, उतार नाही आणि येणारे-जाणारे माणूसही नाही. म्हणून लहानग्याला सकाळी ऊन कोवळे असताना एकदा आणि दिवस कलल्यावर एकदा खाली उतरवावे, हा साधा नेम घरातील आजी-आजोबांनी स्वीकारावा असे आम्ही सुचवितो. सोबत खेळणी नेण्याचे कारण नाही. एक वाटी, एक चमचा आणि पाण्याची बाटली पुरे. कपडे मळणारच आहेत, हे आधीच मनाशी ठरवून निघावे.

मुलाच्या या स्वतःहून चाललेल्या उद्योगाला शिक्षणाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत गुजरात आणि महाराष्ट्र या दोहोंचा वाटा आहे, हे आपल्यासारख्या दोन्ही भाषांत नांदणाऱ्यांनी विसरू नये. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या कार्यात येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक या मराठी बाई. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून त्यांची अंगणवाडी आकाराला आली. आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चक्क कुरणात शाळा भरविली. अंगण आणि कुरण हे दोन शब्दच बालशिक्षणाच्या मुळाशी असावेत, यात मोठा अर्थ आहे. भिंती नंतर आल्या.

आता ओट्याच्या पायऱ्या उतरून पोळीत येऊ. बडोदेकरांना पोळ म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु हे मासिक बाहेरगावीही जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. एका तोंडाची, बहुधा दुसऱ्या टोकाला बंद असलेली अरुंद गल्ली. दोन्ही हातांना भिंतीला भिंत लागून घरे. दर घराला ओटा. आणि पूर्वी तोंडाशी रात्री बंद होणारा दरवाजा. आतून पलीकडे जाण्यास वाट नसल्यामुळे ज्याचे काम नाही तो आत येत नाही. परका मनुष्य शिरलाच तर ओट्या-ओट्यांवरून दहा जणांचे डोळे त्याच्याकडे वळतात. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगले क्रीडांगण कोणा तज्ज्ञाला रचता येईल असे आम्हांस वाटत नाही. आई स्वयंपाकघरात असे, पण मूल एकटे नसे. कोणाच्या तरी आजी शेंगा सोलीत बसलेल्या असत आणि मारामारी विकोपाला जाईपर्यंत त्या मान वर करीत नसत. लक्ष असावे, पण ते दिसू नये, हे शास्त्र या आजींना कोणी शिकविले नव्हते.

पोळीतल्या खेळांना नावे मात्र दोन-दोन होती. आपली लगोरी म्हणजे शेजारच्यांचे सतोडियुं; सात चपट्या दगडांची ती उतरंड दोन्ही भाषांत सारखीच कोसळे. आपला लपंडाव म्हणजे त्यांची संताकूकडी, आपली आंधळी कोशिंबीर म्हणजे त्यांचा आंधळो पाटो, आपल्या गोट्या म्हणजे त्यांच्या लखोट्या आणि आपला भोवरा म्हणजे त्यांचा भमरडो. बडोद्याच्या मराठी मुलाला गुजराती येते ते शाळेच्या पुस्तकातून नव्हे, याच गल्लीत डाव कोणावर आला यावरून भांडताना येते. पिलाजीराव गायकवाडांच्या काळापासून आपण येथे राहत आलो. आपली भाषा टिकली आणि शेजाऱ्यांची आपलीशी झाली, या दोन्ही गोष्टींना घरातील ओव्या-आरत्यांइतकाच पोळीतला हा खेळही कारण आहे, असे आमचे मत आहे.

या खेळातील एक नियम आम्हांला फार मोलाचा वाटतो: कच्चे लिंबू. वयाने लहान, धावण्यात मागे पडणारे भावंड हट्टाने खेळात आले की मोठी मुले त्याला कच्चे लिंबू ठरवीत. त्याने धावावे, चेंडू मारावा, लपावे. पण त्याच्यावर डाव येणार नाही आणि तो बाद झाला तरी मोजला जाणार नाही. वरवर पाहता ही लहानग्याची समजूत घालण्याची युक्ती. परंतु जरा विचार केला तर दिसते की वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळू शकावीत म्हणून मुलांनीच केलेली ही व्यवस्था आहे. पाच वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलांकडे पाहून नियम शिकते, हरणे पाहते, भांडण कसे मिटते हे पाहते. आणि दहा वर्षांचा मुलगा आपला जोर लहानग्यासमोर आवरावयास शिकतो. एक-दोन वर्षांनी ते लिंबू पिकते, त्याच्यावर पहिला खरा डाव येतो आणि रडवेल्या चेहऱ्याने पण अभिमानाने ते मूल भिंतीकडे तोंड करून आकडे मोजू लागते. मोठ्या माणसांच्या शिकवणीने हे साधत नाही. एकाच वयाची मुले एकत्र करून घेतलेल्या वर्गात तर ते संभवतच नाही. तेथे कोणी कच्चे लिंबू नसते, सगळेच कच्चे किंवा सगळेच पक्के.

आमच्या हिंडण्यात सर्वांत अधिक खंत वाटली ती येथेच. काही पोळी अजून गजबजलेल्या आहेत. एका पोळीत भिंतीवर खडूने काढलेल्या यष्ट्यांपुढे क्रिकेट चालले होते आणि चेंडू ओट्यावर गेला तर दोन धावा, पहिल्या मजल्यावर गेला तर फलंदाज बाद, असा त्या जागेच्या मापाचा नियमही होता. परंतु बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना दुचाकी वाहने लागलेली, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेनेही कर्णा वाजवीत कोणी ना कोणी येतच असलेले. चेंडू वाहनाच्या आरशाला लागला की भांडण. म्हणून चेंडूच बंद. जी कुटुंबे पोळी सोडून कारेलीबाग, मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशा भागांत राहावयास गेली, त्यांच्या सोसायट्यांत पोळीचे काम कॉमन प्लॉटने करावे अशी अपेक्षा होती. तो प्लॉट आहेही. पण कोठे तेथे मोटारी उभ्या आहेत, कोठे लग्नाच्या मांडवाचे खांब कायमचे पडून आहेत, आणि कोठे चकचकीत पाटीवर लिहिले आहे, ‘क्रिकेट रमवानी मनाई छे’. खाली कोणते खेळ खेळावेत हे मात्र लिहिलेले नाही.

परिणाम असा झाला आहे की सहा-सात वर्षांचे मूल ओट्यावरून उतरते ते थेट रिक्षात बसून कोणत्या तरी क्लासला जाते. तेथे खेळही शिकविला जातो. स्केटिंग, कराटे, क्रिकेटचे प्रशिक्षण हे सारे चांगलेच आहे. परंतु तेथे खेळ कोणता हे मूल ठरवीत नाही, गडी कोण हे ठरवीत नाही, नियमाबद्दल भांडत नाही आणि कंटाळा आला म्हणून नवा खेळ काढीतही नाही. शिट्टी वाजली की खेळ सुरू, शिट्टी वाजली की बंद. धावणे झाले, खेळणे राहिले.

तिसरे रिंगण बागेचे. सयाजीबाग हे तिचे कागदोपत्री नाव. आपल्या तोंडी कमाटीबागच. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग घडविली गेली आणि प्रजेसाठी खुली झाली. शंभरांहून अधिक एकरांचा हा विस्तार, त्यातली प्राण्यांची जागा, १८९४ पासूनचे संग्रहालय, फुलांचे घड्याळ आणि प्रवेशद्वाराजवळचा काळा घोडा यांची ओळख बडोद्याच्या प्रत्येक मुलाला असते. १९५६ साली येथे सुरू झालेली छोटी आगगाडी तर कित्येक पिढ्यांच्या आठवणींत धावते आहे. मात्र एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आगगाडीत बसणे, वाघ पाहणे, भेळ खाणे ही सगळी मौज आहे, पण या मौजेत मूल बसलेले किंवा उभे असते. बागेत नेले म्हणजे मूल खेळले असे समजू नये. खेळ सुरू होतो तो गाडीतून उतरल्यावर, हिरवळीच्या उतारावर आणि झाडांखाली.

आठ ते बारा या वयाला बाग हवी असते ती या झाडांसाठी आणि अंतरासाठी. वडाच्या पारंब्यांवर खेळावयाचा आपला जुना खेळ सूरपारंब्या. गुजरातीत यालाच आंबली-पीपळी म्हणतात. ज्याच्यावर डाव असेल त्याने दूर फेकलेली काठी आणून रिंगणात ठेवावयाची आणि झाडावर चढलेल्यांना शिवावयाचे. बाकीच्यांनी फांद्यांवरून सुटून काठी गाठावयाची. या एका खेळात धावणे, चढणे, लोंबकळणे, उडी मारणे आणि फांदी आपले वजन पेलेल काय याचा अंदाज घेणे, एवढे सारे सामावले आहे. सार्वजनिक बागेतील झाडांवर चढू देत नाहीत आणि ते योग्यही आहे. पण सोसायटीतले एखादे बुटके, बळकट झाड, गावाकडचा वड किंवा शेतावरचा आंबा मुलांना आपण मिळवून देऊ शकतो. मूल पडेल ही भीती सर्वांनाच असते. त्यासाठी जुन्या माणसांचा नियम फार शहाणपणाचा होता: मूल आपल्या बळाने जेवढे चढेल तेवढेच त्याने चढावे, त्याला उचलून वरच्या फांदीवर कोणी बसवू नये. जेथवर स्वतः चढता आले तेथून बहुधा उतरताही येते.

मात्र बागेचे रिंगण मोठे आहे आणि मोठ्या रिंगणाला धोकेही असतात. विश्वामित्रीत मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या वस्त्यांत आल्या, हे आपण सर्वांनी अनुभवले. नदीकाठ हा खेळण्याचा भाग नव्हे, हे मुलांना भीती दाखवून नव्हे, तर कारण समजावून एकदाच पक्के सांगावे. दुसरा धोका रस्त्याचा, आणि तो मगरीहून कितीतरी मोठा आहे. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाला येणाऱ्या वाहनाचे अंतर आणि वेग यांचा मेळ नीट घालता येत नाही. म्हणून त्या वयापर्यंत मोठ्या रस्त्यापलीकडे सोबतीशिवाय पाठवू नये. आणि त्यानंतर एकदम मोकळे न सोडता आधी बरोबर चालावे, मग चार पावले मागून चालावे, मग कोपऱ्यावर थांबून पाहावे. रिंगण असे एकेका पावलाने वाढवावयाचे असते. ते वाढविलेच नाही तर पंधरा वर्षांच्या मुलालाही रस्ता ओलांडता येत नाही, आणि अशी मुले आता दिसू लागली आहेत.

चौथे रिंगण आखाड्याचे. या बाबतीत बडोद्याने आपल्या वारशाचा अभिमान बाळगावा असेच कार्य येथे झाले आहे. उस्ताद जुम्मादादांच्या नावाचे व्यायाममंदिर १८८० पासूनचे. त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी ते नावारूपास आणले आणि कुस्ती, लाठी, लेझीम, मल्लखांब यांच्या जोडीला शेकडो मुलांनी एका तालात करावयाच्या सांघिक व्यायामाचा प्रसार केला. १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने बडोद्यात भरविलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत हुतुतूचे सुधारलेले नियम वापरले गेले. आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला मराठी व्यायामज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत याच गावातून प्रसिद्ध झाला. पोळीत मुले जे खेळ खेळत, त्यांना कोशात स्थान देण्याइतके महत्त्वाचे मानणारे लोक येथे होते, ही साधी गोष्ट नव्हे.

बारा-तेरा वर्षांनंतर मुलाला केवळ पळापळीने समाधान होत नाही. त्याला आपले शरीर अजमावून पाहावयाचे असते, कोणाशी तरी तुलना हवी असते, गुरू हवा असतो आणि संघही हवा असतो. एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर पहिली पकड निसटते, दुसरी निसटते आणि महिन्याभराने एके दिवशी मूल डोके खाली, पाय वर अशा स्थितीत क्षणभर स्थिर राहते. त्या क्षणाचा आनंद कोणत्याही गुणपत्रिकेत मिळत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आखाड्यात किंवा खो-खोच्या मैदानावर हा तास केव्हा सरला हे कळत नाही.

येथे मुलींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ओट्यावर मुली दिसतात, पोळीत दिसतात, बागेतही दिसतात. मैदानावर मात्र बारा-तेराव्या वर्षानंतर त्यांची संख्या एकाएकी घटते. घरातून कोणी ‘जाऊ नकोस’ असे म्हणत नाही. ‘आता मोठी झालीस’ एवढेच म्हटले जाते आणि ते पुरते. आपल्याच परंपरेत मंगळागौरीच्या रात्री फुगड्या आणि झिम्मा घालणाऱ्या, आश्विनात हत्ती मांडून भोंडल्याचे फेर धरणाऱ्या मुली-बायका आहेत; शेजारी नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या आहेत. दम, ताल आणि तोल यांची त्यांना वाण नाही. वर्षातले हे मोजके दिवस सोडून उरलेल्या दिवसांचे काय, एवढाच प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही विजेतेपद मिळविले. आपल्या अंगणातला खेळ मुलींना कोठवर नेऊ शकतो याचे हे उदाहरण घराघरांत सांगण्याजोगे आहे. दोन-चार मैत्रिणी मिळून निघाल्या, मैदानाची वेळ ठरलेली असली आणि परतीची सोबत असली, तर बहुतेक घरांची हरकत उरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

कोणी म्हणतील, हे सारे ठीक, पण अभ्यासाचे काय? त्यांच्यासाठी एकच गोष्ट नमूद करतो. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटे मुलांना वर्गाबाहेर उघड्यावर नेण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नेहमीच्या शाळांत तीन वर्षांत सुमारे चाळीस टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते. बाहेर नेलेल्या मुलांत हे प्रमाण तीस टक्के होते. उघड्यावरच्या प्रकाशाचा डोळ्यांच्या वाढीशी असा संबंध आहे. ज्या डोळ्यांनी अभ्यास करावयाचा, त्यांच्यासाठी तरी मुलांना बाहेर जाऊ द्यावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे, ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप उन्हाचा. वैशाखात बडोद्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा दुपारी मुलांना कोंडून ठेवणे भागच आहे. पण वेकेशनची सकाळ सातला सुरू होते आणि दिवस मावळल्यावरही थोडा वेळ उजेड राहतो. पावसाळ्यात चिखल होतो, पण चिखलाइतके स्वस्त आणि मुलांच्या आवडीचे खेळणे दुसरे नाही. घरी आल्यावर पाय धुवावेत, भिजलेले कपडे बदलावेत, एवढेच. आणि पौषात उत्तरायण तर सारे गावच गच्चीवर चढविते. तेथेही वयाचे रिंगण आहेच: लहानग्याने फिरकी धरावी, जरा मोठ्याने पतंगाला ढील द्यावी, थोरल्याने पेच लढवावेत. गच्चीला कठडा हवा आणि मांजा सुती हवा, या दोन गोष्टींत तडजोड नको. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, कारण त्याने पक्ष्यांप्रमाणे माणसांचेही गळे चिरले आहेत.

मुद्दा मधल्या रिंगणाचा आहे, म्हणून तेथेच पुन्हा येतो. बाग सरकारने राखली, आखाडे संस्थांनी राखले. पोळ आणि कॉमन प्लॉट राखणारे मात्र आपणच आहोत. त्यासाठी निधी नको, समिती नको. संध्याकाळी पाच ते सात एवढे दोन तास वाहने एका बाजूला लावून मधली जागा मोकळी ठेवावी, असे एका पोळीतल्या दहा घरांनी ठरविले तरी पुरे. ‘मनाई छे’ ही पाटी काढून तेथे खेळण्याची वेळ लिहावी. आजी-आजोबांनी खुर्च्या बाहेर टाकून बसावे. शिकवू नये, शिट्टी वाजवू नये, भांडण सोडविण्याची घाई करू नये. मुलांना रबरी चेंडू आणि सात चपटे दगड द्यावेत. पहिले दोन-तीन दिवस मुले नुसती उभी राहतील, काय करावे ते त्यांना सुचणार नाही. तेव्हा कोणी आजोबांनी लगोरी रचून दाखवावी आणि बाजूला व्हावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वयाप्रमाणे मुलांच्या वेगळ्या तुकड्या करू नयेत. चार वर्षांची धाकटी आणि अकरा वर्षांचा थोरला एकाच डावात असू द्यावेत. पुढची व्यवस्था मुले करतील. कच्चे लिंबू कोण, हे ठरविण्यास त्यांना आपली गरज कधीच लागली नाही.

येत्या रविवारी पाहुणे आले तर त्यांना राजवाडा अवश्य दाखवावा. पण पाच वाजता त्यांना आपल्या पोळीच्या तोंडाशीही उभे करावे. तेथे मुलांचा गलका ऐकू येत असेल, तर या गावाविषयी त्यांना आणखी काही सांगण्याची आवश्यकता राहणार नाही.